अकरा दिवसांपूर्वीची वही

माझं संशोधन मराठीच्या शिकवण्यावर होतं. मुलींना घरच्या बोलीत लिहू दिलं तर त्या अधिक मोकळं लिहितात का, एवढाच प्रश्न. तो मला पुस्तकात सापडलेला नव्हता. माझे वडील अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत कारकून होते. आमच्या तोंडून गावची बोली निघाली की ते हात वर करून थांबवायचे. "तसं बोलू नको. आडनाव विचारायच्या आधी लोक बोलण्यावरून ओळखतात, आपण कुठल्या वाडीचे ते." त्यांच्या आवाजात राग नसायचा, भीती असायची. तीच माझ्यात उतरली. कॉलेजात शिकवायला लागले तरी वर्गात एखादा गावचा शब्द निसटला की माझे कान तापायचे.

देवरूखच्या वरच्या अंगाला असलेल्या एका हायस्कुलात मी दर मंगळवारी नववीच्या मुलींचा एक तास घ्यायची. एकदा 'पाणी' हा विषय दिला. त्याच दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसून वह्या वाचल्या, पानांचे फोटो घेतले आणि वह्या परत केल्या. बौद्धवाडीतल्या एका मुलीने सड्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या उघड्या कातळावरच्या, चिरेखाणीबद्दल लिहिलं होतं. जांभ्या दगडाचे चिरे काढून झाले, माणसं निघून गेली आणि त्या चौकोनी खड्ड्यात पावसाचं पाणी तुंबून राहिलं. वाडीचा झरा मात्र त्यानंतर आटला. शेवटी तिने लिहिलं होतं, "खानीतला पानी मला नावानं हाक मारतंय. मी ओ देत नाय अजून."

मी वाचून खूश झाले. त्या ओळीखाली तांबडी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'वा! सुंदर कल्पना.' खाली सही केली.

पुढच्या मंगळवारी शाळेत गेले नाही, कारण रत्नागिरीच्या परिषदेसाठी निबंध पुरा करायचा होता. शनिवारी तो वाचला. सामाजिक न्याय, मानसिक आरोग्य, पर्यावरण आणि भाषा या सगळ्यांना एकाच सत्रात बसवलं होतं. माझ्या आधी एकजण खाणी आणि भूजलावर बोलले. मी ती ओळ पडद्यावर दाखवली, बोलीची ताकद सांगितली, 'अजून' हा शब्द वाक्याच्या शेवटी आल्याने काय साधतं तेही सांगितलं. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी व्हरांड्यात एक समुपदेशक बाई माझ्याकडे आल्या. सकाळी त्या किशोरवयीन मुलांच्या मनाविषयी बोलल्या होत्या. कप हातात तसाच होता.

"ती मुलगी आता कशी आहे?"

"कुठली?"

"पाणी हाक मारतं म्हणणारी. अजून ओ देत नाही, असं लिहिलंय तिने. कधी लिहिलं?"

मी मनात दिवस मोजले. "अकरा दिवस झाले."

"मग तिला कोणी विचारलं?"

ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की पाठ झालं होतं, आणि त्याचा अर्थ मला तिथे, त्या व्हरांड्यात, पहिल्यांदा कळला.

शाळेला फोन लावला. कोणी उचलेना. तिसऱ्यांदा क्लार्कने उचलला. शनिवारची शाळा सुटली होती, तो कुलूप लावत होता. हजेरी बघून म्हणाला, "आज आली नाही, मॅडम. काल पण गैरहजर आहे. काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

समुपदेशक बाई माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत आल्या. "लिहिण्याबद्दल बोलू नका. तिला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, आणि मला फोन करा."

हातखंब्याचा फाटा मागे पडेपर्यंत मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते. जमत नव्हतं. डोळ्यांसमोर तांबड्या शाईतला माझा शेरा यायचा. तिने तो वाचला असेल. तिने सांगितलं आणि मी वा म्हटलं. मधूनच आणखी एक भीती डोकं वर काढायची, आणि तिची मला आजही लाज वाटते: ती वही कुणाच्या हाती लागली तर खाली माझी सही आहे. गाडीत बाजूला बसलेल्या बाईने विचारलं, "बरा वाटत नाय काय तुमाला?" मी नुसती मान हलवली.

देवरूखला रिक्षा केली. वाडीत पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुलीची आई खळ्यात भात झोडत होती. वडील मुंबईला नोकरीला. मला बघून ती थांबली. "जय भीम, मॅडम. आज कशा काय?"

"जय भीम, वहिनी. ती कुठाय?"

"खानीवर गेल्याय. कपडे घेऊन."

"एकटी?"

माझा चेहरा बघून तिच्या हातातली पेंढी खाली पडली. आम्ही दोघी सड्याकडे पळत सुटलो. वाळलेलं गवत, मोकळा कातळ, आणि मध्येच एकदम जमीन संपते. काठावर बादली होती. ओले कपडे कातळावर पसरले होते. माणूस नव्हतं. पाणी हिरवं, अगदी स्थिर. आईने नावाने हाक मारली. ती हाक समोरच्या चिऱ्यांवर आपटून परत आली.

मग पलीकडच्या बाजूने आवाज आला, "काय गो आये?"

ती मातीच्या ढिगामागे सावलीत बसली होती. आई काठाने वळसा घालून तिच्याकडे धावली.

मी मागोमाग गेले आणि मुलीसमोर बसले. वाटेत घोकलेलं काहीच आठवेना. शेवटी आले तसे शब्द बोलले. "तुझं मी तेव्हा नीट वाचलं नाही. माझं चुकलं. आता विचारते. तुला जीव द्यावासा वाटतो का?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"वाटतो," ती म्हणाली. "रोज नाय."

"कधीपासून?"

"माहीत नाय. झोप येत नाय. जेवावा वाटत नाय. शाळंत बोलला की हसतात. वरच्या नळावर गेला की आमचा हंडा शेवटी, बोलला तर गप ऱ्हा म्हनतात. हितं कोन काय म्हनत नाय." मग म्हणाली, "तुमी इचाराल असा वाटला होता. वही परत आली तवा बघितलंय मी."

आईने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे वळली. "तुमी ह्या कवा वाचलात?"

मी खरं सांगितलं.

"अकरा दिस," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिथूनच समुपदेशक बाईंना फोन लावला आणि मुलीच्या हातात दिला. त्या दिवसापासून आईने तिला नजरेआड केलं नाही, तिची मावशीही राहायला आली. सोमवारी आम्ही तिघी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. औषधं सुरू झाली, दर पंधरवड्याला बोलणं सुरू झालं. वडील महिनाभर रजा घेऊन आले. पहिले काही आठवडे फोन वाजला की तो तिच्या घरचा आहे का, ते मी आधी बघायची. मध्ये एकदा ती पुन्हा खूप खाली गेली, पुन्हा दवाखाना झाला. आता ती देवरूखला अकरावीत आहे. वाईट दिवस येतात, पण ते सांगते. खाणीला अजून कुंपण नाही. नळावर वाडीचा नंबरही अजून शेवटचाच आहे, त्यासाठी वाडीतल्या बायका ग्रामपंचायतीत भांडतायत.

प्रबंधातून मी ती ओळ काढली. मार्गदर्शक सर म्हणाले, "अहो, सगळ्यात चांगलं उदाहरण तेच होतं." मी म्हटलं, "म्हणूनच." इथे जी लिहिली आहे ती तिला विचारून, आणि तिने स्वतः शब्द बदलून दिले म्हणून.

मंगळवारचा तास चालू आहे. आता वह्या वाचून, जिच्याशी बोलायला हवं तिच्याशी बोलून झाल्याशिवाय मी शाळेतून हलत नाही. गेल्या महिन्यात एकीने लिहिलं, 'गोठा रिकामा झालाय, मला हितं ऱ्हावसा वाटत नाय.' मी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारायचं ते विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि हसली.

"बाई, आमची म्हस मेली. मी कशाला मरतंय?"

मीही हसले. मग तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि पुन्हा एकदा विचारलं.