मोरचुदाच्या हौदाकाठचे अण्णा

हौदाजवळ कुणी पाय आपटत आलं, की अण्णा तोंडावर बोट ठेवायचे. "हळू रे. मदर झोपलीय." नवा माणूस दचकून आत डोकावायचा. आत नुसतं निळं पाणी.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावाबाहेर मोरचूद शुद्ध करायच्या छोट्या कारखान्यात आम्ही कामाला होतो. कच्चा मोरचूद पाण्यात विरघळवायचा, कढईत आटवायचा, वर साय धरली की हौदात सोडायचा. न हलता निवला तर लिंबाएवढे खडे धरायचे. खडे काढल्यावर जे पाणी उरतं, त्याला आम्ही मदर म्हणायचो. ते पुन्हा आटवायचं.

अण्णा उदगीरचे. गळ्यात लिंग, त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. खडे धुताना म्हणायचे, "लेकरं उजळ निघतात. घाण सारी मायीपाशी राहते." माझी शाळा सातवीतच सुटलेली, माय उमरीला एकटी. ते ऐकलं की माझं काम थांबायचं. मग अण्णा स्वतःच्या डब्यातली भाकर माझ्याकडं सरकवायचे.

दुष्काळ पडला. कारखान्यामागच्या कोरड्या नाल्यात वस्तीवरच्या बायका झिरे खोदून वाटीवाटीनं घागरी भरू लागल्या. इकडं मदर आटवून आटवून हिरवट, गढूळ झालेली. मालक म्हणाले, व्हॉल्व फिरवून नाल्यात सोडा. अण्णा म्हणाले, पिंपात भरून ठेवू. मालक हसले, नाल्याची पाटीलकी कधी मिळाली म्हणून विचारलं.

"पाटीलकी न्हाई, मालक. त्या बाया तिथलंच पाणी पिऊन राहिल्यात. मी व्हॉल्व फिरवणार न्हाई."

मालकांनी त्यांना तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, तू फिरव. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "त्यो बी माझ्यासंगंच चाललाय."

जाताना ते नाल्यात उतरले, हे पाणी पिऊ नका म्हणाले. एक बाई वर न बघताच बोलली, "मंग कुठलं पिऊ? तुमच्या घरचं?" अण्णा तसेच वर चढून आले.

गुजरातेत मिठाच्या कारखान्यात त्यांचा भाचा होता. त्याच्याकडं त्यांनी मला धाडलं. उदगीरच्या गाडीत चढताना एवढंच विचारलं, "दुसरा कुणी व्हॉल्व फिरवंल का रे?" मी त्यांची पिशवी वर दिली. पुढं ते वारल्याचंही भाच्याकडूनच कळलं.

आज इतकी वर्षं या मिठावर माझं घर चाललंय. हो की नाही म्हणायची वेळच अण्णांनी माझ्यावर येऊ दिली नाही. आली असती तर काय म्हणालो असतो, मला ठाऊक नाही. लातूरकडचं कुणी भेटलं, की मी त्या वस्तीवरच्या बायकांची चौकशी करतो. नाव मात्र एकीचंही माहीत नाही.