न मोडलेली सुपारी

मंडळी, मी आयुष्यभर मावशी होतो. गण संपला, गौळण सुरू झाली, की लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून कृष्णाला फैलावर घेणारी जी मावशी येते ना, ती मी. आता फड सुटला. कऱ्हाटीला लेकीकडे राहतो, मिशा राखल्या आहेत. तरी इंदापुरात एक माणूस मला अजून 'मावशे' अशीच हाक मारतो. कचरू त्याचं नाव.

स्टँडजवळच्या कोपऱ्यावर त्याचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली बाकडी, मधे एक जाडजूड लाकडी टेबल आणि कायम फुरफुरणारा स्टोव्ह. कचरूच्या वडिलांनी तरुणपणी गावच्या हॉटेलाबाहेर उकिडवं बसून, खुंटीवर वेगळ्या टांगलेल्या कपातून चहा प्यायला होता. छप्पननंतर घरानं धम्म घेतला आणि त्यांनी तो कप जो सोडला तो सोडलाच. कचरू मोठा झाल्यावर त्यानं स्वतःचंच हॉटेल काढलं. कुणी खवचटपणे विचारलं, "काय रं, तुझ्या हितं कप कुठल्या जातीचं?" की हा म्हणायचा, "एकाच. कान तुटक्या."

आमच्या तमाशाच्या फडांचा सगळा कारभार त्या टेबलावर चालायचा. जत्रांचे दिवस जवळ आले की गावोगावचे पंच तिथं येऊन आम्हाला सुपारी द्यायचे. हल्ली हा शब्द ऐकला की लोक दचकतात. आमच्यात सुपारी म्हणजे खेळ ठरवणं. पंचानं टेबलावर खरीखुरी सुपारी ठेवायची, फडमालकानं ती उचलून कपाळाला लावायची. तारीख बांधली गेली. मग त्या तारखेला दुसऱ्या गावानं कितीही गळ घातली तरी खेळ घ्यायचा नाही. जत्राच रद्द झाली, तर पंचानं पुन्हा त्याच टेबलाशी यायचं, अडकित्त्यानं ती सुपारी मोडायची, अर्धी त्यानं खायची, अर्धी आम्ही. तेव्हाच दोघं मोकळे. अशा कितीतरी सुपाऱ्या कचरूनं फरसाणाच्या बरणीशेजारी सांभाळल्या. त्याच्या टेबलावरची खेळाची सुपारी कुणी बुडवल्याचं मला आठवत नाही.

निमगाव केतकीचे आप्पासाहेब तिथले सगळ्यात जुने पंच. ऊस घालायला निघाले, ट्रॅक्टरचा पार्ट आणायला निघाले, काहीही असो, आधी कचरूचा चहा. आम्ही तिघं एका बाकड्यावर म्हातारे झालो.

दरम्यान इंदापूर बदलत गेलं. आमच्या राहुट्या पडायच्या त्या मोकळ्या रानावर प्लॉटिंग झालं. तंबूतलं टॉकीज गेलं, तिथं मंगल कार्यालय आलं. गोटीच्या सोड्याचं दुकान गेलं, सोडावाल्याचं नावही कुणाला सांगता येत नाही. सगळंच गेलं असं नाही. पेठेमागच्या बोळात माझी चोळी शिवणारा शिंपी अजून मशीनवर बसतो, मला बघून टेप काढतो आणि म्हणतो, "मावशी, पोट सुटलं." बारामतीला माझा भेळवाला अजून कागदाचा चमचा करून देतो. पण चहा संपल्यावर 'उठा आता' न म्हणणारी जागा एकच होती.

ती जागा बापूसाहेबांच्या मालकीची. त्यांनी तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं काढलं. कचरूची लेक प्रियदर्शनी बारामतीला वकिली करते. ती बापाला म्हणाली, "आबा, इतक्या वर्षांचा ताबा आहे तुमचा. कागद झाल्याशिवाय पत्रा हलवायचा नाही."

एके सकाळी बापूसाहेब स्वतः हॉटेलात आले. मी होतो, आप्पासाहेब होते. त्यांनी चहा घेतला, खिशातून सुपारी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "कचरू, बिल्डिंग झाली की ह्या कोपऱ्याचा गाळा तुझा. ही घे. तुमच्याच रीतीनं देतोय."

कचरूनं सुपारी कपाळाला लावली. आप्पासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "झालं! आता बरम्हदेव आला तरी बदल न्हाय."

प्रियदर्शनीला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. "आबा, अहो कागद?"

"पोरी, सुपारी दिल्यावर कागद मागायचा म्हंजी समोरच्याला चोर म्हणायचं. मला न्हाय जमायचं."

आणि त्यानं आपल्या हातानं पत्रे उतरवले.

कॉम्प्लेक्स उभं राहिलं. कोपऱ्याच्या गाळ्याला काच लागली, आत रंगीत दिवे लागले. कचरू घरी नेलेलं टेबल पुसून ठेवायला लागला. मग कळलं, तिथं कॅफे होतोय.

तो बापूसाहेबांकडे गेला. मला बरोबर नेलं. बापूसाहेब हसले. "अरे, ती सुपारी होय? तमाशाची गंमत ती. व्यवहार वेगळा, नाच वेगळा."

लेकीला काय तोंड दाखवू म्हणून कचरू तिच्याकडे न जाता थेट पोलीस ठाण्यात गेला. टेबलामागच्या तरुण हवालदाराला म्हणाला, "सायेब, बापूसाहेबांनी सुपारी दिली."

हवालदार ताडकन उभा राहिला. "कुणाची?"

"माझी."

"तुमची? मग तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? माझ्याच हातात दिली की! माझ्याच हाटेलात!"

त्यानं आत जाऊन साहेबांना बोलावलं. सगळा उलगडा होईपर्यंत ठाण्यातली माणसं पोट धरून हसत होती. हवालदार डोळे पुसत म्हणाला, "बरं आबा, साक्षीला कोण?"

"ही मावशी हाय."

त्यानं माझ्या मिशांकडे पाहिलं आणि पुन्हा हसू फुटलं. रंगमंचावर असं हसू मिळावं म्हणून मी जन्मभर तडफडलो. त्या दिवशी ते मला काट्यासारखं टोचलं.

"आणि आप्पासाहेब हायत निमगावचं," कचरू म्हणाला. "त्येंचा शबूद तालुक्यात चालतो."

आम्ही एसटीनं निमगाव केतकी गाठलं. आप्पासाहेब ओसरीवर होते. आम्हाला बघून ते उठले नाहीत.

"आप्पा, तेवढं येऊन सांगा," कचरू म्हणाला. "तुमच्या म्होरंच दिली न्हवं?"

"कचरू, आता वय झालं. आठवत न्हाय बघ."

"थाप मारलीवती की मांडीवर! बरम्हदेव म्हणला हुता तुमी!"

"मारली आसंल. कशावर मारली त्ये आठवत न्हाय."

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली आणि भाबडेपणानं बोलून गेली, "बरं झालं आलात. आप्पांच्या नातवाचा, आमच्या अविराजचा कॅफे सुरू होतोय इंदापुरात, कोपऱ्याच्या गाळ्यात. रविवारी या बरं का."

कचरूनं चहा संपवला. कप विसळून उपडा ठेवला. वडील बाहेर बसून विसळत तसा. स्वतःच्या हॉटेलात त्यानं कुठल्याच गिऱ्हाइकाला कप विसळू दिला नव्हता. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "बापूसाहेब परका हुता, मावशे."

रविवारी कॅफेच्या दाराला झेंडूच्या माळा होत्या. बापूसाहेब फीत कापून आत बसले होते, शेजारी आप्पासाहेब. कचरू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. मला म्हणाला, "मावशे, तुझा अडकित्ता दे." मी चंचीतून काढून दिला.

तो सरळ आत गेला. काचेच्या टेबलावर त्यानं सुपारी ठेवली, शेजारी अडकित्ता ठेवला.

"बापूसाहेब, गाळा नगं मला. ही मोडा. अर्धी तुमी खावा, अर्धी मी खातो. तुमी मोकळं, मी मोकळा."

मंडळी, सुपारी मोडायची, तर आधी ती दिली होती हे कबूल करावं लागणार. बापूसाहेबांचा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. "हे काय नाटक लावलंय, कचरू?" ते म्हणाले.

कचरू आप्पासाहेबांकडे वळला. "आप्पा, तुमी पंच. तुमी मोडा."

आप्पासाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मान फिरवली. कचरूनं सुपारी उचलली, पुन्हा कपाळाला लावली, अडकित्ता घेतला आणि बाहेर पडला.

आता प्रियदर्शनी बापाच्या मागे लागली आहे. कोर्टासमोर बारामतीत तिनं चांगली जागा पाहिली आहे, टेबलही मावेल एवढी. कचरू जात नाही. मागच्या आठवड्यात मीही समजावून पाहिलं. "अरे, ज्यांनी शब्द खाल्ला त्यांच्यासाठी तू का अडकून बसतोस?"

"मोडली न्हाय ना अजून," तो म्हणाला. "बांधलेल्या तारखंला दुसरा खेळ घेतला आसता का तू?"

टेबल त्याच्या ओसरीवर उभं आहे, त्याच्यावर ती सुपारी. अडकित्ता मी परत आणला नाही. शेजारीच ठेवून आलो.