‘शेजार’चं शुद्धिपत्र

अनुस्वार आणि टायपिस्टबाई यांची पहिली भेट झाली तेव्हा लिफ्टमध्ये एकोणीस माणसं, तीन काठ्या, एक वॉकर आणि तिसऱ्या मजल्यावर निघालेली एक डबल गादी अडकून पडली होती, असं वसाहतीत सांगतात. खरं म्हणजे माणसं पाचच होती आणि गादीच्या जागी उशी होती. पण वसाहत निवृत्तांची, त्यामुळे कुठलीही गोष्ट वाढवायला इथं प्रत्येकाकडे दिवसभर वेळ असतो.

लिफ्ट बिघडली नव्हती. नुकत्याच राहायला आलेल्या एका गृहस्थांनी एक पाय दारात घालून ती थांबवून ठेवली होती, आणि खिशातलं लाल पेन काढून ते आत चिकटवलेली सूचना तपासत होते.

‘लिफ्ट मध्ये चार पेक्षा अधीक व्यक्तीनी चढू नये.’

“एका ओळीत चार चुका!” ते म्हणाले. “‘लिफ्टमध्ये’ जोडून, ‘चारपेक्षा’ जोडून, ‘अधिक’ची वेलांटी पहिली. आणि ‘व्यक्तींनी’वरचा अनुस्वार कुठे गेला?”

“तो दारात उभा आहे,” आतून एका बाईंचा आवाज आला, “आणि त्याच्यामुळे आम्हाला वर जाता येत नाहीये.”

गृहस्थ होते काठीसारखे उंच आणि सरळ, आणि वर गोल, गुळगुळीत डोकं. बाकीच्या चौघांनी एकदा त्यांच्याकडे खालून वर पाहिलं आणि नाव पक्कं झालं. त्या दिवसापासून त्यांना सगळे अनुस्वार म्हणू लागले. त्यांच्या सख्ख्या बायकोनंसुद्धा आठ दिवसांत फोनवर बहिणीला सांगितलं, “आमचे अनुस्वार झोपलेत.”

आतल्या बाई म्हणजे टायपिस्टबाई. चौतीस वर्षं कोर्टात टाइप करून निवृत्त झालेल्या. ती सूचना त्यांनीच टाइप केली होती.

अनुस्वार एका दैनिकात एकेचाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापण्याआधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, एवढंच काम. एकेचाळीस वर्षांत एकही अंक पूर्ण निर्दोष निघाला नव्हता, आणि ही सल घेऊनच ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभाची बातमी दुसऱ्या दिवशी त्याच दैनिकात आली, पण ती तपासायला आता ते तिथे नव्हते. बातमीत लिहिलं होतं, ‘एकेचाळीस वर्षे निष्ठेने सेवा करणारे मुद्रितशोषक’. ते कात्रण त्यांनी पाकिटात जपून ठेवलं होतं, लोक दुखऱ्या दाताला जीभ लावतात तसं ते अधूनमधून काढून बघायचे. एक तरी अंक, आयुष्यात एक तरी छापील कागद, ज्यात काहीही चुकलेलं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

वसाहतीचे सेक्रेटरी पूर्वी शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी निवृत्तीनंतरही काढली नव्हती, म्हणून त्यांना शिट्टी म्हणत. वसाहतीचं एक मासिक पत्रक काढायचं ठरलं तेव्हा शिट्टींनी या दोघांनाच जुंपलं.

“एकमेकांशी भांडा,” ते म्हणाले, “म्हणजे निदान लिफ्ट तरी चालेल.”

नावावरून सभा झाली. ‘सांजवात’ सुचवलं त्यावर कुणीतरी म्हणालं, वात म्हटली की विझणं आलं. ‘पिकलं पान’ सुचवणाऱ्याला शिट्टी वाजवून खाली बसवलं. शेवटी ‘शेजार’ नाव पडलं. चार पानं, दोनशे प्रती, कार्यालयातल्या झेरॉक्स यंत्रावर. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘शेजार’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘वर्ष पहिले, अंक पहिला’.

काम अनुस्वारांच्या जेवणाच्या टेबलावर चाले. बाई मूळ मजकूर मोठ्यानं वाचत, अनुस्वार प्रुफावर डोळे ठेवून एकेक अक्षर तपासत. जुन्या छापखान्यांची पद्धत होती ती, वेलांट्यांसकट वाचायची.

“समिती. म पहिली, त दुसरी.”

“थांबा. इथे पहिलीच पडलीये.”

“पहिली काढा. दुसरी घ्या.”

स्वयंपाकघरातून भांडं जरा जास्तच जोरात आपटल्याचा आवाज आला. “पहिलीत काय वाईट होतं, ते एकदा कळू दे मला!” अनुस्वारांची बायको म्हणाली.

“अगं, वेलांटी!”

“हो, आता तिला वेलांटी म्हणतात वाटतं.”

एवढं करून तिसऱ्या अंकात बातमी आली: ‘आपल्या वसाहतीतील निवृत्त दंतवैद्य मंगळवारी घरोघरी येऊन सर्वांच्या दारांची मोफत तपासणी करतील.’ दंतवैद्य मंगळवारी पिशवी घेऊन निघाले, तर अकरा घरांत लोकांनी त्यांना कुरकुरणारी दारं दाखवली. माणूस भिडस्त. तीन बिजागऱ्यांना त्यांनी तेल घातलं, एक कडी सरळ केली आणि दात कुणाचाच न बघता परत आले. चौथ्या अंकाच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र द्यावं लागलं: ‘“दारांची” ऐवजी “दातांची” वाचावे. बिजागऱ्यांबद्दल डॉक्टरांचे आभार.’

त्यानंतर हे दर महिन्याचंच झालं. ‘उद्या सकाळी सहा वाजता सर्व इमारतींत प्राणी येईल’ या सूचनेनं तळमजल्यावरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि त्या नादात कुणी पाणीच भरलं नाही. एका आजींनी गुडघ्याच्या ऑपरेशनवर लेख लिहिला होता. त्यात ‘त्या दिवसांत माझ्या सुनेने मला फार धीर दिला’ याऐवजी ‘दीर दिला’ असं छापून आलं. आजींचे खरे दीर पंच्याऐंशी वर्षांचे, शेजारच्याच इमारतीत. ते अंक घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, मी काय कमी पडलो?”

अनुस्वारांचं वजन कमी होऊ लागलं. शेवटचं प्रूफ ते तीनतीनदा वाचत, शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे उलटं वाचत, खाली लाल सही करत, आणि प्रत छापून आली की सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजे.

“संपादक, सापडली! पान तीन!”

कारण वसाहतीला त्याचं व्यसन लागलं होतं. लोक ‘शेजार’ शेवटच्या पानापासून उघडत. आधी मागच्या महिन्याचं शुद्धिपत्र वाचून पोटभर हसायचं, मग नवी चूक शोधायला बसायचं. ती सापडली की अंकाची घडी करून डगमगणाऱ्या टेबलाखाली. चोवीस अंक असेच निघाले.

दोन वर्षं भरली त्या संध्याकाळी अनुस्वार स्टेपलरच्या पिना आणायला टायपिस्टबाईंच्या घरी गेले आणि त्यांनी चुकीचा खण उघडला. आत चोवीस प्रुफं नीट रचून ठेवलेली. प्रत्येकावर त्यांची लाल सही. त्यांनी एकेक काढून पाहिलं. ‘दातांची’ स्वच्छ ‘दातांची’ होतं. पाणी पाणीच होतं. सुनेनं धीरच दिला होता.

“बाई, हे काय आहे?”

“पिना खालच्या खणात आहेत,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी वळून बघितलं. “सापडलं म्हणायचं.”

“माझ्या सहीनंतर? तुम्ही मुद्दाम?”

“महिन्याला एकच. जास्त केल्या तर लोकांना किंमत राहत नाही.”

अनुस्वार खुर्ची ओढून बसले.

“चौतीस वर्षं मी बिनचूक टाइप केलं,” बाई म्हणाल्या. “कुणी वाचलं का? सगळे शेवटची सही बघायचे आणि फाईल बांधायचे. एकदाच ‘आरोपी’च्या जागी ‘आरोळी’ पडलं. ‘आरोळीस पोलिसांनी ताब्यात घेतले.’ न्यायाधीशांनी अख्खं पान वाचलं, खदखदून हसले आणि मला नावानं हाक मारली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं. तुमचा ‘शेजार’ लोक वाचतात तो कशामुळे, तुमच्या कुंडीतल्या झाडांवरच्या लेखमालेमुळे?”

ती लेखमाला अनुस्वारांचीच होती. चोविसावा भाग चालू होता. त्यांनी पाकिटातून कात्रण काढलं आणि टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, ‘मुद्रितशोषक’पाशी त्यांचे खांदे हलले, पण त्यांनी हसू गिळलं.

“मला एक अंक द्या,” अनुस्वार म्हणाले. “एकच. मरायच्या आधी.”

“मरायचं नाव काढू नका, शेवटच्या पानावर जागा नाही.” बाईंनी कात्रण घडी करून परत दिलं. “देते.”

पंचविसाव्या अंकासाठी दोघं सहा दिवस बसले. मजकूर सरळ वाचला, उलटा वाचला, मग एकेक ओळ पट्टी ठेवून वाचला. पहिली-दुसरी ऐकून ऐकून कंटाळलेल्या बायकोला तिसरे डोळे म्हणून बसवलं, तिनं एक विसर्ग पकडला आणि दिवसभर घरात मान ताठ करून फिरली. या वेळी झेरॉक्स यंत्रापर्यंत अनुस्वार स्वतः गेले आणि शेवटची प्रत बाहेर पडेपर्यंत बाईंच्या हातांवर नजर ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला नाही. आठला नाही, दुपारी नाही. अनुस्वारांनी दोनदा रिसीव्हर उचलून फोन चालू असल्याची खात्री केली. तिसऱ्या दिवशी दारावर शिट्टी वाजली. बाहेर शिट्टी, दंतवैद्य, दीर आणि ऑपरेशनवाल्या आजी, चौघांच्या हातांत अंक.

“कुठे आहे?” शिट्टींनी विचारलं.

“काय?”

“चूक!”

“नाही.”

“नाही म्हणजे? तीन दिवस शोधतोय आम्ही. भिंग लावून.”

“या अंकात चूक नाही,” अनुस्वार म्हणाले.

“अहो, ही फसवणूक आहे!” दंतवैद्य म्हणाले. “अख्खा अंक वाचावा लागला. पहिल्या बातमीपासून शेवटपर्यंत!”

“दोनदा,” दीर म्हणाले. “तुमचा तो कुंड्यांवरचा लेखसुद्धा.”

“कसा वाटला?” अनुस्वारांनी घाईघाईनं विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. “शुद्ध होता,” आजी शेवटी म्हणाल्या.

पुढच्या अंकाच्या शुद्धिपत्रात एकच ओळ होती: ‘गेल्या अंकात चूक नव्हती. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.’ आणि त्याच अंकात ‘कुंडीतील झाडे’ हे शीर्षक ‘कुंडीतील झाडू’ असं छापून आलं. ती चूक अनुस्वारांनी स्वतः सुचवली होती. बाईंनी फक्त टाइप केली. सात वाजून नऊ मिनिटांनी फोन आला.

‘शेजार’ आणखी सात महिने चालला. मग झेरॉक्सचं यंत्र बिघडलं, दुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि आला नाही.

पंचविसावा अंक अनुस्वारांनी काचेची चौकट करून दिवाणखान्यात लावला आहे. आल्यागेल्याला ते तो दाखवतात, आणि भिंग सोफ्याशेजारी ठेवलेलं असतं. माथ्यावर, नावाखालच्या बारीक अक्षरांत, ‘वर्ष दुसरे’ असं छापलं आहे. ते तिसरं होतं.