पुअर बट ऑनेस्ट

आज मिरकरवाडा बंदरावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आला आणि एकदम आठवीतला इंग्रजीचा तासच आठवला, कारण आमच्या वर्गाच्या खिडकीतून रोज हाच वास यायचा! त्या दिवशी बाईंनी फळ्यावर 'स्मॉल बट स्ट्रॉंग' लिहिलं आणि म्हणाल्या, अशीच जोडी घेऊन बाकावरच्या शेजारणीवर एक वाक्य करा. माझ्या शेजारी माझी जिवलग मैत्रीण, तिचे बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. मी झटकन 'शी इज पुअर बट ऑनेस्ट' लिहिलं आणि मोठ्याने वाचलंसुद्धा. बाई खूश, "व्हेरी गुड!" मैत्रीण मात्र हळूच म्हणाली, "गरीब म्हटलं की चोरच असतात काय गो?" मी म्हटलं, "अगो, चांगलंच लिहिलंय की तुझ्याबद्दल!" मग तिची पाळी आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी वाट लावणार. ती उभी राहिली आणि म्हणाली, "शी इज टॉकेटिव्ह अँड काइंड." बाई म्हणाल्या, "अगो, बट कुठाय?" ती म्हणाली, "नको बाई, ती दोन्ही आहे." माझे कान असे तापले ना! पण सॉरी म्हणायचं राहिलं ते राहिलंच. आता हे टाइप करून झालं की सगळ्यात आधी तिलाच पाठवते.