बेलचा दिवा

बेल दाबून मी खिडकीतून आत पाहिलं. अण्णांना, माझ्या वडिलांना, आता अजिबात ऐकू येत नाही. म्हणून बेल दाबली की हॉलमधला दिवा लुकलुकेल अशी सोय मीच करून घेतली होती. दिवा लुकलुकला. अण्णा देवघरासमोर पाटावर बसलेले दिसले. मान खाली, हात मांडीवर. ते हलले नाहीत.

मी पुन्हा दाबली. पुन्हा. हॉल उजळत होता, विझत होता आणि त्या उजेडात अण्णांचा चेहरा मला नको तितका शांत वाटत होता. घराची दुसरी किल्ली मी कधी मागितलीच नव्हती, एवढा त्या दिव्यावर भरवसा. मी खिडकीच्या गजांवर मूठ आपटली. तो आवाज तरी कुणाला ऐकू जाणार होता?

तेवढ्यात त्यांच्या बोटांतून जपमाळेचा एक मणी पुढे सरकला.

माळ पूर्ण झाल्यावरच त्यांनी डोळे उघडले आणि खिडकीत मला पाहून लगबगीने दार उघडलं.

"केवढी घाबरले मी!" मी म्हणाले. त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं.

"अगं, आता देवापुढे डोळे मिटायचीही चोरी का?"

हा माणूस दार, कुकर, मी, सगळं डोळ्यांनीच ऐकतो. दिवसभर पहाऱ्यावर असतो. माळ संपेपर्यंत काय ती सुटी.

माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी आणलेला, बेल वाजली की थरथरणारा मनगटी पट्टा होता. तो मी आतच ठेवला आणि दुसरी किल्ली मागून घेतली.