ऋचाची बॅग भरताना

तुमच्या घरातून कुणी परदेशी गेलंय का? मग तुम्हाला ठाऊक असेल, सामानापेक्षा किस्सेच जास्त जमतात. सामानाला निदान वजनाची मर्यादा तरी असते! आमच्या ऋचाला कॉलेजतर्फे जर्मनीत सहा आठवड्यांचा समर कोर्स मिळाला आणि मुरलीपुऱ्यातल्या आमच्या तीन माणसांच्या घरात जो गोंधळ सुरू झाला, तो ती जाईपर्यंत थांबला नाही.

आम्ही मूळचे भुसावळचे. माझा नवरा दिलीप रेल्वेत, सिग्नल खात्यात. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा ऋचा चार वर्षांची होती, आता एकोणीसची आहे. तिच्या मराठीत अर्धी हिंदी असते, हे आधीच सांगून ठेवते.

*

सामानातली पहिली खरेदी दिलीपची. तो साखळी आणि कुलूप घेऊन आला!

"बाबा, हे कशाला?"

"बॅग बांधायला. सीटखाली कडी असेल ना?"

"मोठी बॅग पोटात जाते, विमानाच्या. आणि चालत्या विमानातून चोर उतरणार कुठे?"

दिलीपने यावर बराच विचार केला. मग म्हणाला, "बरं, साखळी काढ. कुलूप असू दे."

*

तिकडे गारठा असतो म्हणून जाकीट घ्यायला वैशाली नगरात गेलो. मे महिना, बाहेर लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, चाललेली. दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. "बहनजी, तबियत तो ठीक है?"

जर्मनीचं सांगितल्यावर त्याने माळ्यावरून खोकं उतरवलं. दुकानभर डांबराच्या गोळ्यांचा वास. ऋचाने जाकीट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि नेमकी लाइट गेली. पंखा बंद. आणि चेन अडकली!

तिचा चेहरा लालबुंद. मी ओढतेय, दुकानदार ओढतोय. "भैया, काट दो, पर निकालो!" ऋचा ओरडली. पाच मिनिटांनी चेन सुटली. दुकानदाराने घाम पुसला आणि म्हणाला, "गरम तो है, ये तो आप मान गए ना?"

घेतलं तेच जाकीट. काय करणार!

*

स्वयंपाकात ऋचाला मॅगीपलीकडे गती नाही. म्हटलं, निदान पिठलं शिक. मी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं: बेसन एवढं, पाणी एवढं, फोडणी अशी, आणि "मीठ बेताचं घाल."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मला हाक मारली. "भाभीजी, बिटिया आई थी. बेत का नमक मांग रही थी. मैंने कहा, वो तो नहीं है, सेंधा ले जाओ."

घरी आले, तर ओट्यावर सैंधव मीठ. ऋचा म्हणाली, "आई, बेतचं संपलंय त्याच्याकडे. चालेल ना?"

*

खाऊच्या प्रत्येक पुडीवर इंग्रजीत लेबल हवं, अशी ऋचाची सूचना होती. हे काम दिलीपने हौसेने अंगावर घेतलं. सरकारी वळणाचं सुबक अक्षर, प्रत्येक पुडी चिकटपट्टीने बंद. मेतकुटावर लिहिलं, 'यलो पावडर'. ठीक आहे. पण काळ्या मसाल्याची पुडी ऋचाने उचलली आणि किंचाळलीच.

त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'ब्लॅक पावडर, होममेड'.

"बाबा! मला जर्मनीत जायचंय, जेलमध्ये नाही!"

"यात चुकीचं काय आहे?" दिलीपला खरंच कळेना. "काळाच आहे, आणि घरीच केलाय."

*

ऋचा ज्यांच्याकडे राहणार होती त्या बाईंचं नाव मार्ता. साठीच्या, एकट्या. त्यांनी व्हिडिओ कॉल ठरवला. मुलगी त्यांच्या घरी राहणार, आपण दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलावेत, म्हणून मी आठ दिवस जर्मन वाक्य घोकलं. भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना, सारखं तेच.

कॉल लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मार्ताबाईंनी हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "नमस्कार! तुम्ही कशा आहात?"

फॉर्मवर ऋचाने मातृभाषा मराठी लिहिली होती, म्हणून बाईंनी मुद्दाम शिकून घेतलं होतं! मला इतकं भरून आलं, की जर्मन गेलं, मराठीही गेली. पंधरा वर्षं जयपुरात राहिलेल्या माझ्या तोंडून निघालं, "राम राम सा!"

त्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. आता त्यांचा प्रत्येक मेसेज 'राम राम सा'नेच सुरू होतो.

*

आता निघायच्या दिवसाचं सांगते.

सकाळची वेळ. टॅक्सी दारात. आणि ऋचा बूट घालून बॅगेवर बसलेली. "आई, मी नाही जात."

"अगं, काय झालं?"

"मला काहीच पता नाहीये. मतलब, आयुष्यात कधी विमानात बसले नाही मी. पास कुठे दाखवायचा, गेट कसं शोधायचं... हरवले तर?"

दिलीप तिच्यासमोर खाली बसला. तिच्या बुटाच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या, त्या त्याने सोडल्या आणि परत बांधल्या. ती उठली.

विमानतळाच्या दारापर्यंत तिने माझं मनगट असं धरलं होतं, की बांगडी रुतली. आत फक्त तिकीटवाल्यांनाच सोडतात. तिथेच एक म्हातारी उभी होती. डोक्यावर ओढणी, काखेत कापडी पिशवी, हातात तिकिटाचा कागद. दिल्लीला मुलीकडे चालली होती; ऋचाचं पहिलं विमानही दिल्लीचंच. येणारे-जाणारे धक्के देत होते, ती कागद उलटसुलट करत होती. ऋचाला पाहून म्हणाली, "बेटी, ये कहाँ दिखाना है? मैं तो पहली बार जा रही हूँ. तू गई है कभी?"

ऋचाने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिने माझं मनगट सोडलं.

"बहुत बार, दादी. चलो मेरे साथ, मुझे सब पता है."

म्हातारीची पिशवी तिने आपल्या ट्रॉलीवर ठेवली, दारावरच्या शिपायाला दोन्ही तिकिटं दाखवली, आणि म्हातारीचा हात धरून आत गेली. मागे वळून बघायचंसुद्धा विसरली.

दिलीपचा टाटा करायला उचललेला हात तसाच वर. दार बंद झालं, तरी तो काचेतून बघत होता. मग मला हळूच म्हणाला, "अगं, ही कधी गेली होती?"