घड्याळातलं घर

धम्मदीपला कशाची भीती वाटत नाही, हे सांगणं सोपं आहे. विजेची वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते. अड्याळला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि त्यांत तांब्याची तार नव्याने भरायची, हा त्याचा धंदा, त्यामुळे करंटशी तो शेजाऱ्यासारखा वागतो. पण गल्लीत कुत्रं भुंकलं की हा माणूस रस्ता बदलतो, दवाखान्याच्या दारातच त्याचं बीपी चढतं, आणि नागपूरच्या बसस्टँडवर दोघा-चौघांना विचारल्याशिवाय तो गाडीत पाय ठेवत नाही. वाट चुकण्याची भीती तर सगळ्यात मोठी. लहानपणी मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांच्या मागे मागे जाताना तो रानात मागे राहिला होता. सापडला तेव्हा रडून रडून आवाज बसलेला. चाळिशी उलटली तरी ती भीती काही त्याच्या अंगातून गेली नाही.

असा माणूस हिमालयात निघाला म्हटल्यावर घरचे हसले, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

झालं होतं असं. डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि चालायला लावलं. चालता चालता तो धावायला लागला. धावता धावता भंडाऱ्याच्या धावणाऱ्या मंडळींत ओढला गेला. त्या मंडळींनी उत्तराखंडातला एक ट्रेक ठरवला आणि परस्पर ह्याचंही नाव घातलं. नाही म्हणायलाही धाडस लागतं, ते कुठून आणणार? मंडळींच्या म्होरक्याने बजावलं होतं, की वर डोंगरात फोन चालत नाही, तेव्हा ज्याच्याकडे नकाशाचं घड्याळ असेल त्याने नकाशे घरूनच भरून आणावेत. धम्मदीपच्या साळ्याने, पुण्याला नोकरीत असलेल्या अमरने, आपलं जुनं घड्याळ पाठवून दिलं. चांगलं जाडजूड, थेट उपग्रहाशी बोलणारं.

धम्मदीपने ते दुकानात चार्जरला लावलं, वायफाय जोडलं आणि उत्तराखंडाचा नकाशा मागवला. घड्याळ म्हणालं, जागा शिल्लक नाही. त्याने घाबरून अमरला फोन लावला.

"भाऊजी, जुना काढा न, तवा नवा बसन," अमर म्हणाला. "त्यात महाराष्ट्र भरला आहे मी. तो डिलीट मारा."

"महाराष्ट्र काढू?"

"मंग? भंडाऱ्यात तुम्हाले नकाशा कायले लागते?"

बोलणं पटण्यासारखं होतं. धम्मदीपने बोट दाबलं आणि महाराष्ट्र गेला. नवा नकाशा उतरेपर्यंत तो घड्याळाजवळून हलला नाही. मधेच लाइट गेली तर अर्धाच डोंगर घड्याळात राहील, ही नवी भीती त्याने तेवढ्यात शोधून काढली होती.

राहिली घराची खूण. घड्याळाला आपलं घर कुठे आहे ते एकदा सांगून ठेवलं, की कुठूनही बटण दाबा, ते घराकडे बाण दाखवतं. ही खूण फोनवरून लावायची होती. संध्याकाळी तो ओसरीत फोन घेऊन बसला, तर शेजारी त्याची आई, सुशीलाबाई, येऊन टेकली. फोनवर आकाशातून काढलेलं चित्र होतं. रान, धानाच्या बांध्या, रस्ते, आणि मधोमध पसरलेलं गोसीखुर्द धरणाचं पाणी.

"आपला उमरटोला कुठी आहे?" तिने विचारलं.

उमरटोला त्या पाण्यात होता. धरण भरलं तेव्हा गाव उठलं आणि सरकारने आखलेल्या नव्या गावठाणात येऊन बसलं. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, प्रत्येकाला नळ. सोयी सगळ्या झाल्या, खोटं कशाला बोला. पण सुशीलाबाई अजूनही 'घरी' म्हणते तेव्हा तिची मान नदीकडेच वळते. धम्मदीपने चित्र सरकवलं आणि निळ्या पाण्यावर बोट ठेवलं.

"इथं. चिंचेच्या बाजूले."

"मंग लाव न तिथंच खूण," म्हातारी म्हणाली. "घर तं तेच होय. हे प्लाट होय."

आईचं मन कशाला मोडा, म्हणून त्याने तिथेच खूण लावली. उद्या बदलू म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुकानात जळक्या मोटारींची रांग लागली आणि ते राहूनच गेलं.

आता प्रतिक्षा. ती त्याची बायको, गावची आशा सेविका. पायी फिरून बाळंतिणी आणि तापाचे रोगी बघणारी, कुत्र्यांनाच दटावणारी. तिने अट घातली.

"हिमालयात चुकल्यावर मी कोणाले हाका मारू? आधी इथं करून दाखवा. फोन घरी ठेवायचे, दोघांचेही. नाही तं तुम्ही चोरून पाहसान. रानातून घड्याळावर घरी पोहोचलो तं खुशाल जा. नाही तं नाव काढायचं नाही."

पौषातला रविवार होता. सकाळच्या एसटीने दोघं रानापलीकडच्या फाट्यावर उतरली. हा भाग दोघांच्याही पायाखालचा नव्हता, म्हणूनच निवडला होता. उतरताना धुकं पातळ होतं. रानात शिरेपर्यंत ते इतकं दाटलं की दहा पावलांवरचं मोहाचं झाडही दिसेना. धम्मदीपने घराचं बटण दाबलं. घड्याळ थरथरलं, बाण उगवला, खाली अंतर आलं.

"काय दिसते?" प्रतिक्षाने विचारलं.

"बाण दिसते."

"अन् रस्ता?"

"रस्ता नाही. तो काढून टाकला."

"कोणता रस्ता?"

"महाराष्ट्राचा."

ती पोट धरून हसली. मग त्याचा चेहरा पाहून हसायची थांबली. पडदा कोरा पांढरा होता आणि त्या कोऱ्यात एक बाण. पण बाण ठाम होता आणि अंतर कमी होत होतं, एवढ्या आधारावर दोघं चालायला लागली. एसटी गेली होती, मागे फिरून तरी काय करणार?

रानात धुक्यात आवाज विचित्र होतात. पान गळलं तरी कोणी मागून येतंय असं वाटतं. ह्या पट्ट्यात मागच्या महिन्यात वाघ दिसला होता, हे धम्मदीपला आत्ताच आठवायचं होतं. तो मोठ्याने खोकत चालला. प्रतिक्षा मागून म्हणाली, "इतकं कायले भेता? मी आहो न." पण तिचाही आवाज बारीक झाला होता, आणि ते ऐकून त्याची उरलीसुरली हिंमत गळाली. ती घाबरत नाही, ह्याच भरवशावर तर त्याचा संसार चालला होता.

रान संपलं. बांध्या लागल्या. लाखोरीच्या पिकावरचं दव लागून गुडघ्यापर्यंत कपडे भिजले. बांधीच्या धुऱ्यावरून जाताना धम्मदीप एकाएकी थांबला.

"काहून थांबले?"

"आयक."

"काय आयकू? काही आयकू येऊन नाही राहिलं."

"तेच म्हणतो."

घड्याळाप्रमाणे घर किलोमीटरभरही राहिलं नव्हतं. रविवारी ह्या वेळी विहारात भोंग्यावर वंदना लागलेली असते. पिठाची चक्की सुरू असते, कोंबडे असतात, कुणाची तरी मोटारसायकल किक मारूनही सुरू होत नसते. इथे काहीच नव्हतं. नुसतं पांढरं, थंड. गाव गेलं कुठे?

"चकवा लागला म्हणतात तो हाच का?" प्रतिक्षा हळूच म्हणाली.

"आपण नाही मानत ते," तो म्हणाला. मानत नाही हे खरं, पण बोलताना त्याचे दात वाजत होते.

तेवढ्यात पायाखाली डांबर लागलं. फुटलेलं, गवत उगवलेलं, पण रस्ता तो रस्ता. बाणही त्याच दिशेला. धम्मदीपच्या जिवात जीव आला. तो भराभर चालू लागला. आणि आश्चर्य असं, की ह्या रस्त्यावर त्याला घड्याळाकडे बघायचीही गरज पडेना. इथे डावीकडे वळायचं, वळला. इथे उतार लागेल, लागला. भीती कुठल्या कुठे गेली. उभ्या जन्मात तो इतका निर्धास्त चालला नसेल. त्या निर्धास्तपणाचंच त्याला भय वाटायला हवं होतं, पण माणसाला हवं तेव्हा भय वाटत नाही.

बुटात पाणी शिरलं. दव असेल, असं त्याला वाटलं.

"अवो, थांबा!" मागून प्रतिक्षा ओरडली. "पाणी होय हे!"

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. समोर धुक्यातून एक झाड पुढे आलं. वाळून पांढरं पडलेलं, सालही न उरलेलं, पाण्यात ताठ उभं. खालची फांदी वाकडी. त्या फांदीला दोर बांधून झोका खेळला होता तो. चिंच होती ती. चिंचेच्या पलीकडे अंगण, अंगणापलीकडे दार. घड्याळाकडे त्याने आता पाहिलं. घर हाकेच्या अंतरावर होतं.

मागे काहीतरी धपकन पडलं.

"अवो! पाय फसला माहा! अवो!"

धम्मदीपने हाक ऐकली आणि पुढे पाऊल टाकलं. पाणी गुडघ्याला लागलं. त्याने आणखी एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. पाणी थंड होतं, पण ते त्याला कळत नव्हतं. समोरच्या पांढऱ्यात त्याला भिंतीचा कोपरा दिसल्यासारखा झाला, आणि एवढंच वाटलं, की आलोच आहोत तर आत डोकावून येऊ.

"धम्मदीप!"

लग्न झाल्यापासून प्रतिक्षाने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. अगं-अहोतच त्यांची पोरं मोठी झाली होती. ते नाव कानावर आदळलं आणि पुढच्या क्षणी त्याला सगळं एकदम दिसलं. कमरेपर्यंत पाणी, पुढे अथांग पाणी, आणि मागे बायको नाही. रस्त्याच्या कडेला पाण्यातून नुसतं तिचं डोकं आणि बाभळीच्या वाळक्या फांदीला धरलेला एक हात.

रस्त्याची कड तिच्या पायाखाली खचली होती. बाजूला सगळा गाळ. ती जितकी धडपडत होती तितकी आत जात होती.

"हालू नको! हालू नको तू!" तो किंचाळत परत फिरला. पाण्यातून धावता येत नाही. रोज सकाळी धावणारा माणूस तो, आणि ती थोडी वाट संपेचना. तो उथळ पाण्यातल्या डांबरावर पालथा पडला, अंगातलं जाकीट काढून त्याची बाही तिच्याकडे फेकली. पहिल्यांदा ती सुटली. दुसऱ्यांदा तिने दातांत धरली, मग हातात. त्याने ओढलं. गाळ सोडत नव्हता. "सोडू नको, प्रतिक्षा, सोडू नको," एवढंच तो म्हणत राहिला आणि लहान पोरासारखा रडत राहिला. शेवटी गाळाने एक मोठा आवाज केला, तिची चप्पल ठेवून घेतली आणि तिला दिलं.

दोघं रांगतच कोरड्यावर आली. प्रतिक्षाच्या हातातून बाभळीच्या काट्यांचं रक्त येत होतं. धम्मदीप ते जाकिटाच्या बाहीने पुसत होता.

ऊन वर आलं तसं धुकं उचललं गेलं. समोर पाणीच पाणी, आणि त्यात ठिकठिकाणी उभी वाळकी झाडं. दूर एका डोंग्यातून कुणीतरी मासे धरत होतं. उलट्या बाजूला, रान सोडून चांगल्या कोसावर, नव्या गावठाणातली पाण्याची टाकी दिसत होती.

"इथं होतं तुमचं घर?" प्रतिक्षाने विचारलं.

"व्हय. आईनं खूण लावाले लावली होती. मी बदलवतो म्हटलं अन् राहून गेलं."

तिने मान हलवली. मग थोड्या वेळाने, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "पाय फसल्यावर मी पहिली हाक देल्ली, तवा आयकू आली होती का तुम्हाले?"

नाही म्हणायची सोय होती. धुकं होतं, पाण्याचा आवाज होता. तिने मान्यही केलं असतं.

"आली होती," धम्मदीप म्हणाला.

"मंग?"

"मले वाटलं, आधी घर पाहून येतो."

एवढं बोलल्यावर त्याला जे भय वाटलं तसं त्याला रानात वाटलं नव्हतं, वाघाचं वाटलं नव्हतं, गाळात वाटलं नव्हतं. प्रतिक्षा त्याच्याकडे बघत राहिली. ती चिडेल, रडेल, उठून चालायला लागेल, काहीही करेल असं त्याला वाटत होतं. तिने त्याचा हात ओढून घेतला, घड्याळाचा पट्टा सोडला आणि घड्याळ आपल्या ओल्या पदराच्या गाठीत बांधलं.

"हिमालयात जा तुम्ही," ती म्हणाली. "तिथं तुमचं घर नाही. पर माह्याशिवाय या पाण्याकडे कधी येऊ नका."

मग ती अनवाणी उठली, त्याचं मनगट धरलं आणि टाकीच्या दिशेने चालू लागली. गावात शिरल्यावरही तिने ते सोडलं नाही.